सही करताना वर बघ

४ जून, सोमवार

मिठू,

तुझं पाकीट मिळालं. चांगलं जाडजूड होतं, म्हणून वाटलं आत आईसाठी काही असेल, तर तिच्यासमोरच उघडलं. निघाले माझ्यासाठी प्रश्न. ‘ताई, तू इतकी वर्षं पुस्तकांच्या दुकानात काढलीस, नव्या लेखकांना दुकानाच्या बाजूने काय सांगशील? फोनवर नको, हाताने लिही, हाताने लिहिलेल्याला तोड नाही.’ म्हणजे तुझं पहिलं पुस्तक येऊन धड दोन वर्षं झाली नाहीत आणि तू ‘लेखक कसं व्हावं’ हे शिकवणारं पुस्तक काढतोयस. स्वतः अजून काठ धरून पोहतोस आणि काठावर शिकवणी उघडलीस. आईनं विचारलं, काय लिहिलंय गं त्यानं? मी म्हटलं, तुझी तब्येत विचारलीय. तुझ्या वतीने खोटं बोलायची मला आता सवय झालीय.

असो. मागितलंस म्हणून देते.

दुकानात येऊन स्वतःचं पुस्तक मागच्या फळीवरून काढून पुढच्या टेबलावर मांडू नये. आम्हाला दिसतं. लेखक दाराबाहेर पडला की आम्ही ते परत जागेवर ठेवतो आणि दिवसभर त्याची नक्कल करतो. त्यापेक्षा गल्ल्यावर जे कोण असेल त्याला विचारावं, तुम्ही सध्या काय वाचताय, आणि उत्तर ऐकायला थांबावं. ज्यानं आमचं ऐकून घेतलं त्याचं पुस्तक आम्ही आपणहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. थांबणं अवघड असतं, तुझ्या शिष्यांना ते आधी शिकव.

आवाज बदलून दुकानात फोन करू नये. मागच्या वर्षी तू केला होतास तेव्हा तो मीच उचलला होता. ‘नाही हो, संपलं ते पुस्तक’ असं मी म्हटलं आणि तू म्हणालास, ‘अरे वा!’ गिऱ्हाईक कधी ‘अरे वा’ म्हणत नाही रे. मी आईला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कुणी वाईट लिहिलं तर उत्तर देऊ नये. मलपृष्ठावर ‘काळजाला हात घालणारं’ असं छापू नये, आमच्याकडे त्या फळीवर सगळीच पुस्तकं काळजाला हात घालतात. वाचून दाखवायला उभं राहिलं तर लोकांना अजून हवं असताना बसावं. आणि रोज लिहावं, पण रोज लिहितो हे रोज सांगू नये.

आता सहीचं. गर्दी असली की आयोजक रांगेतच वाचकांना नाव विचारतात आणि ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खोचतात. का, तर लेखकाचा वेळ वाचावा. मग लेखक चिठ्ठी बघतो, नाव उतरवतो, सही करतो, पुढचं पुस्तक ओढतो. अशी सही झालेली माणसं दुकानात येऊन काय सांगतात ते मी ऐकते. ‘त्यांनी बघितलंसुद्धा नाही हो.’ पुस्तक आवडलेलं असतं, तरी सांगतात ते हेच. म्हणून सही करताना वर बघ. आधी तोंड बघ, मग चिठ्ठी. तुझ्या नव्या पुस्तकात बाकी काही घेतलं नाहीस तरी हे घे.

आणि जरा गोडही बोलते, नाहीतर म्हणशील ताईची जीभ म्हणजे कातरी. तू चांगलं लिहितोस. आई शिवत असायची आणि तू तिच्या मशीनशेजारी बसून शाळेच्या वहीतल्या गोष्टी वाचायचास, ते प्रकरण मी अजूनही गिऱ्हाईक नसलं की काढून वाचते. कंटाळवाणं असलं की मशीन चालूच राहायचं, आणि एखादं वाक्य जमलं की तिचा पाय थांबायचा. तोंडानं तिनं तुला कधी शाबासकी दिली नाही. तू मान वर न करता मशीनचा आवाज ऐकायचास. ते तू जसंच्या तसं उतरवलंयस, एक शब्द जास्त नाही. असं लिहिणाऱ्याला आवाज बदलून फोन करायची गरजच काय, ते मला कळत नाही.

आईचा आवाज अजून परतला नाही. घशाच्या ऑपरेशननंतर जो घोगरा झाला तो तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, राहील कदाचित. तुला माहीत नसणार, कारण त्या आठवड्यात तुझं ‘लिहा आणि जखमा भरा’ शिबिर होतं आणि नंतर तू फोन केलास तो मला, दुकानाच्या वेळेत.

तू २३ तारखेला इथे येतोयस हे आम्हाला दुकानाच्या दारावर लावायला आलेल्या जाहिरातीवरून कळलं. एक जास्तीची होती, ती मी घरी नेली. आईनं ती मशीनच्या वरच्या भिंतीला लावलीय आणि ठेवणीतले कपडे बाहेर काढलेत. पहिल्या रांगेत बसायचं म्हणते.

ताई

१२ जून, मंगळवार

मिठू,

काल एक नर्सबाई दुकानात आल्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या, आमच्या नेहमीच्या. तुझ्या पुस्तकाच्या तीन प्रती मागितल्या, बहिणींना द्यायला. अशी तीन-तीन प्रती नेणारी बाई म्हणजे लेखकाचं भाग्य, मला इतका आनंद झाला की मी सांगणार होते, हा माझा भाऊ. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “बिचारा. आईनं पुस्तक बघायच्या आधीच डोळे मिटले हो त्याच्या.”

मी म्हटलं, कुणाच्या?

त्यांनी फोन काढला आणि गल्ल्यावर ठेवून मला तुझं भाषण ऐकवलं. पुस्तकं बांधता बांधता मी सगळं ऐकलं. आईनं पुस्तक छापायला मशीन विकलं. आई हॉस्पिटलात. खिडकीबाहेर पाऊस. तू रात्रभर उशाशी, तिचा हात तुझ्या हातात. आणि पहाटे ती म्हणाली, ‘लिहीत राहा, बाळा,’ आणि गेली. पुढे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन बंद पडला. मग टाळ्या.

नर्सबाई डोळे पुसत होत्या. मी त्यांना सुट्टे पैसे परत दिले आणि दारापर्यंत सोडायला गेले. काय बोलणार? तुमच्या रडण्यात काही खोट नाही, फक्त बाई जिवंत आहे, असं?

संध्याकाळी घरी आले तर कैलासवासी आई चष्मा शोधत होती. डोक्यावरच होता.

मला एवढं सांग, कधीपासून मेली ती? पुस्तकात तर धडधाकट आहे. अर्पणपत्रिकेवर नुसतं ‘आईस’ आहे, आणि ते पान ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. दूधवाल्याला दाखवून झालं. मग भाषणातच का मारलीस? आणि मारलीस ती मारलीस, वर स्वतःला उशाशी बसवलंस? हॉस्पिटलातल्या त्या लोखंडी स्टुलावर मी बसले होते रे. त्याचा एक पाय आखूड होता, सारखं डुगडुगायचं. आई शुद्धीवर आल्यावर तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा तिनं बोटानं माझ्या तळहातावर काहीतरी काढलं. मला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं तर मान हलवली. परत काढलं. तुझं नाव होतं. मी म्हटलं, येतोय तो, निघालाय.

मी आईला काही सांगितलेलं नाही. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर.

ताई

१९ जून, मंगळवार

मिठू,

तू फोन केलास, पण मी एक बोलले की तू चार बोलतोस, म्हणून शांतपणे लिहिते. नेहमीच्या टपालावर विसंबले नाही, हे पत्र तुझ्याकडे उद्या पोचेल अशी व्यवस्था केलीय.

तू जे सांगितलंस त्यातलं एक मला पटलं, ते म्हणजे सुरुवात कशी झाली. कुठल्याशा गावात, वाचन झाल्यावर कुणी विचारलं, ‘आई आहेत का हो?’ आणि तू उत्तर द्यायच्या आधी जरा थांबलास. घशात कफ अडकला होता, म्हणालास. तेवढ्यात सगळं सभागृह गप्प झालं, पुढच्या बाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि तुला ‘आहे की, घरी आहे’ असं म्हणवेना. खोकून ‘आहे’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्या दिवशी टेबलावरची सगळी पुस्तकं संपली, आणि पुढच्या गावात तू मुद्दाम थांबलास. त्याच्या पुढच्या गावात पाऊस पाडलास. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसतं, लहानपणीही तू असाच होतास. बशी फुटली की आधी गप्प, मग मांजर, मग मांजराच्या मागे लागलेला कुत्रा.

बाकीचं पटलं नाही. ‘ती आपली आई नाही, ती प्रत्येकाची आई आहे’ म्हणालास. मग प्रत्येकाची औषधं आण. ‘लेखकाला एवढी मोकळीक असते’ म्हणालास. पुस्तकात असते, तिथे कुणी अडवलं होतं? तू माणसांसमोर उभा राहून छातीवर हात ठेवून सांगतोस. ‘आयोजकांनी मुद्दाम तोच किस्सा मागितलाय’ म्हणालास. हे मात्र खरं असणार. आणि शेवटी म्हणालास, ‘तू तिला आणू नकोस, पायऱ्या आहेत, तिचे गुडघे दुखतात.’ मी जाऊन बघून आले. एक पायरी नाही. चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते.

तरी तुझ्यासाठी मी प्रयत्न केला. आईला म्हटलं, गर्दी असेल, उकडेल, पुढच्या वेळी जाऊ. ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तुला जमत नसेल तर मी एकटी जाते. रस्ता विचारायला आवाज लागत नाही, जाहिरात दाखवीन.” तिला तुझं वाचन एकदा ऐकायचंय. माणसांनी भरलेल्या जागेत तू वाचतोयस आणि सगळे ऐकतायत, एवढंच बघायचंय तिला. दुसरं काही ती मागत नाही. तू घरी चल असंसुद्धा म्हणणार नाही, मी ओळखते तिला.

म्हणून मी एकच मागते. जगभर मार तिला, पण २३ तारखेला या एका सभागृहात मारू नकोस. मशीनचं प्रकरण वाच. लोक शांत बसतील, मी दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलंय, मला माहीत आहे. कुणी विचारलं, आई आहेत का, तर म्हण, ‘ही काय, समोर बसलीय.’ अरे, त्या वाक्यानं जेवढी पुस्तकं खपतील तेवढी तुझ्या पावसानं खपणार नाहीत. धंद्याचा सल्ला म्हणून तरी ऐक.

आम्ही येणार आहोत. धमकी नाही ही, कळवतेय.

ताई

२५ जून, सोमवार

मिठू,

माझ्या पत्रावर तू एका शब्दाचा निरोप पाठवलास, ‘बघतो’. मी खुळी, त्याचा अर्थ ‘बरं’ असा घेतला. आणि काल तुझा दुसरा निरोप आला. ‘आणली नाहीस ते बरं केलंस ताई, समजून घेतल्याबद्दल आभार, कार्यक्रम तुफान झाला.’

आम्ही आलो होतो.

पहिली रांग पाहुण्यांसाठी राखलेली होती. तिथल्या मुलीनं विचारलं, तुम्ही कोण? मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, “आम्ही असेच, ऐकायला.” आम्हाला खांबाच्या मागच्या बाजूला जागा मिळाली. दिवे सगळे तुझ्यावर होते, तुला आम्ही दिसलो नसणार. आईनं चष्मा दोनदा पुसला. तू आत आलास तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, “बारीक झालाय.”

तू वाचायला लागलास आणि तिचा पाय खुर्चीखाली हलायला लागला. पुढे-मागे, पुढे-मागे, मशीनवर हलतो तसा. तिला ते कळतसुद्धा नसावं. मला एवढं बरं वाटलं की मी तिचा हात धरला.

मग तू पुस्तक मिटलंस, पाणी प्यायलास आणि म्हणालास, “आज ती असती तर...”

मी उठणार होते. खरंच, ओरडणार होते. आईनं धरलेला हात सोडला नाही, दाबून मला खाली बसवलं. मशीन विकलंस, तिचा पाय हलत होता. हॉस्पिटलात नेलंस, पाय हलत होता. पाऊस पाडलास, तरी हलत होता. तू म्हणालास, “मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होतो, तिचा हात माझ्या हातात होता,” आणि पाय थांबला.

तो मग शेवटपर्यंत हलला नाही. ‘लिहीत राहा, बाळा’लाही नाही, टाळ्यांनाही नाही. शेजारच्या बाई हुंदके देत होत्या. त्यांनी आईकडे बघितलं, तिचे डोळे कोरडे बघून त्यांना बहुधा राग आला. म्हणाल्या, “काय माउली असेल हो ती!” आई म्हणाली, “बरी होती.”

मला वाटलं आता ही घरी चल म्हणेल. तर ती रांगेत उभी राहिली. मला म्हणाली, तू इथंच थांब, तुझं तोंड बघून तो ओळखेल. मी दाराशी उभी राहून बघत होते. चिठ्ठ्या खोचणाऱ्या मुलीनं तिला नाव विचारलं. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पुस्तक हातात आल्यावर वाचलं. रांग पुढे सरकली. मिठू, मला त्या वेळी मनापासून वाटत होतं की तू मान वर करशील. मी तुझ्यावर इतकी चिडलेली असूनही देवाला हेच मागत होते, की वर बघू दे त्याला, मग रडू दे, ओरडू दे, कार्यक्रमाचा विचका होऊ दे. तू चिठ्ठी बघितलीस, लिहिलंस, सही केलीस. मान वर केलीस ती फोटोवाल्याकडे. हसलास. आणि पुढचं पुस्तक ओढलंस.

तू काल सगळीकडे टाकलेल्या फोटोंत तो आहे, तिसरा. तू हसतोयस, आणि डाव्या कोपऱ्यात पुस्तक घ्यायला एक हात पुढे आलाय. अंगठ्याच्या नखावर सुई घुसल्याची जुनी खूण आहे बघ.

पुस्तकात तू लिहिलंयस, ‘एका वाचकास, सप्रेम.’ तिनं तसंच सांगितलं होतं, एक वाचक लिही म्हणून.

घरी आल्यावर तिनं कपडे घडी करून ठेवले, जाहिरात भिंतीवरून काढली नाही. मी मात्र तोंड सोडलं. तुझ्याबद्दल जे जे मनात होतं ते सगळं बोलले, उद्याच पेपरात पत्र देते म्हटलं, त्या नर्सबाईंना घरी बोलावते म्हटलं, होऊन जाऊ दे शोभा. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आणि मग तो काय करील? लोक जोड्यानं मारतील त्याला. आता मला परत आणणं त्याच्या हातात नाही. राहू दे मला गेलेली.”

आज सकाळी ती मशीनवर बसली आणि मला म्हणाली, कागद घे. म्हटलं, कशाला? म्हणाली, त्यानं वाचलं ना माझ्यासमोर, मग चुका सांगायला नकोत? तेव्हा मी हे तिच्या सांगण्यावरून लिहितेय, शब्द तिचे आहेत.

“मशीन विकलं म्हणू नको. कुणाला विकलं, असं एखादी शिवणारी बाई विचारील आणि तू फसशील. सांग, आई गेली पण मशीन आहे. ते ऐकायला बरं वाटतं, आणि मशीन खरंच आहे. पाऊस काढून टाक. मरताना पाऊस सगळेच पाडतात. ‘लिहीत राहा, बाळा’ हे मी म्हणणार नाही. मी तुला बाळा कधी म्हटलंय? मी म्हणेन, जाताना दिवा बंद कर. आणि आवाज घोगरा होता म्हण. शेवटी आवाज घोगरा झाला होता, हे तुला माहीत नाही म्हणून राहून गेलंय.”

मी सगळं उतरवून घेतलं. मग मीच विचारलं, आणि ते उशाशी बसलेलं? हात हातात धरलेलं? ते तर धादांत खोटं आहे, आई. ते आधी काढायला सांगू?

तिचा पाय मशीनवरच होता, पण ती शिवत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत होती.

“ते राहू दे,” म्हणाली. “तेवढं चांगलं झालंय.”

ताई